मुरघास : भाद्रपदातला चारा वैशाखासाठी

जमीनमहसुलाची जी पद्धत पुढे सबंध मुंबई इलाख्यात रूढ झाली आणि जिची छाया आजच्या सातबाराच्या उताऱ्यावरही पडलेली दिसते, तिचा पहिला प्रयोग इंदापूर तालुक्यात झाला, ही गोष्ट इंदापूरबाहेर फारशी कोणाच्या ध्यानात नसते. प्रिंगल नावाच्या इंग्रज साहेबाने आधी केलेल्या पाहणीने ठरविलेला सारा न पेलल्यामुळे रयत परागंदा झालेली आणि शेतेच्या शेते पडीक राहिलेली, अशा अवस्थेत १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अंमलदारांनी येथे नव्याने मोजणी सुरू केली, मातीच्या नऊ प्रती पाडल्या, तिची खोली, चुनखडीचे प्रमाण, उतार, वाहून जाण्याची भीती असा एकेक दोष पाहून त्या मानाने आकार उतरविला, आणि तीस वर्षांचा बंदोबस्त कायम करून टाकला. इतक्या काटेकोर प्रतबंदीतही शेतातून गुरांच्या वाट्याला काय येते याचा विचार धान्याच्या आडोशानेच झाला. पुढे आणेवारी आली, तिची पैसेवारी झाली. तरी दुष्काळ मोजायचा तो धान्याच्या उताऱ्यावरून, ही वहिवाट मोडली नाही.

वास्तविक या मुलखात दुष्काळाची पहिली थाप पडते ती गोठ्यावर. माणसासाठी धान्य परमुलखातून आणता येते, कारण एक पोते ज्वारी एका कुटुंबाला कित्येक दिवस पुरते. परंतु एका गाईला दिवसाकाठी वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण लागते आणि ती शंभर मैलांवरून आणावयाची म्हटली, तर वाहतुकीचा खर्च वैरणीच्या किमतीच्या डोक्यावर बसतो. १८७६-७७ च्या दुष्काळात आणि पुन्हा १९७२ मध्ये दख्खनच्या खेड्यांनी जे सोसले, त्यात गुरांचा संहार हा केवळ एका वर्षाचा तोटा नव्हता. बैल गेल्यामुळे पुढच्या वर्षी पाऊस पडूनही नांगर धरता आला नाही अशी कुटुंबे गावोगाव होती. चारा छावण्या ही सरकारची तजवीज अगदी अलीकडे, २०१२-१३ आणि २०१८-१९ या वर्षांतही करावी लागली. आणि छावणीत दाखल होण्यापूर्वीच अर्ध्या किमतीत बाजार दाखविलेल्या जनावरांची नोंद कोठल्याच दफ्तरात होत नाही.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचे निसर्गाने एक आणि पाटबंधारे खात्याने दुसरे असे दोन नकाशे काढून ठेवले आहेत. निसर्गाच्या नकाशात हा सारा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. घाटमाथ्यावर कोसळून हलके झालेले ढग येथवर पोचतात ते नुसती सावली देण्यापुरते, वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास घोटाळते, आणि त्यातलाही मोठा हिस्सा मृग-आर्द्रात न पडता उत्तरा-हस्तात, म्हणजे भाद्रपद-आश्विनात पडतो. पाटबंधाऱ्याच्या नकाशात १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि त्याच्या काठाने एक निराळाच देश वसला; ऊस, गुऱ्हाळे, नंतर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचे साखर कारखाने, आणि त्या सुबत्तेचे सगळे गुणदोष. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाल्यावर भीमेच्या काठचा इंदापूर तालुकाही तसाच हिरवा झाला. परंतु सुपे, मोरगाव, लोणी भापकर हा बारामतीचा पट्टा आणि इंदापुरातील कालव्यापासून व नदीपासून सारखीच लांब असलेली मधली गावे आजही जिराईतच आहेत, आणि तेथे उन्हाळ्यात फिरताना कालव्याचा देश दहा-बारा मैलांवर आहे यावर परक्या माणसाचा विश्वास बसणे कठीण.

या जिराईत मुलखाचे जुने जनावर काटक होते. भीमथडीच्या तट्टांचा लौकिक मराठेशाहीच्या फौजांत होता तो याच कोरड्या गवतावर पोसलेल्या अंगलोटामुळे, आणि खिल्लार बैल कडब्याच्या चार पेंढ्यांवर आणि माळावरच्या चराईवर उन्हाळा काढून पुन्हा मृगाला औताला उभा राहत असे. आज दावणीला असते ती संकरित गाय. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ने संकराचा कार्यक्रम खेडोपाडी नेला, बारामतीत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टसारख्या संस्थांनी शेतीच्या बरोबरीने पशुपालनाकडे लक्ष दिले, दूध संघ आणि डेअऱ्या आल्या, आणि ज्या घरात धान्याचा पैसा वर्षातून एकदा येई त्या घरात दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येऊ लागला. मात्र या गाईने एक अट घातली. खिल्लार बैल उन्हाळ्यात वाळून पावसाळ्यात भरून येत असे. दुभती गाय वैशाखात वाळली तर तिचे दूध आटते, ती माजावर येत नाही, आणि गाभण राहण्याचा काळ लांबला की पुढच्या वेताचाही हिशेब चुकतो. तिला बाराही महिने सारखेच खायला हवे, आणि येथले आभाळ तर वर्षातले तीनच महिने उदार असते.

तेव्हा प्रश्न चाऱ्याच्या तुटीचा आहे त्याहून अधिक काळवेळेचा आहे. भाद्रपदात बांधावर, माळावर आणि शेतात जी हिरवळ माजते ती त्या वेळी गुरांना खाऊन सरत नाही. आणि ज्या वेळी ती हवी असते त्या वेळी शिवारात तिचे बुडखेही उरलेले नसतात. भाद्रपदातला चारा कापून वाळवावा म्हटले, तर ऊन भरवशाचे नसते, वाळत घातलेल्या पेंढ्यांवर सर येते, पाने काळी पडतात आणि जे उरते ते काड्यांचे. रब्बीच्या ज्वारीचा कडबा वाळतो उत्तम, आणि मालदांडीच्या कडब्याला काही वर्षी दाण्याहूनही अधिक मोल येते. परंतु दाणे भरून झालेल्या ताटात प्रथिने शेकडा तीन-चारच उरतात. कडब्याने जनावर जगते, दूध देत नाही. या दोन्ही अडचणींतून वाट काढणारी जी रीत आहे तिला आपल्याकडे मुरघास म्हणतात.

रीत समजावयास अवघड नाही, कारण तिच्यातले मुख्य तत्त्व आपल्या पूर्वजांनी दुसऱ्या जिनसावर वापरलेले आहे. जमिनीत खोल पेव खणून, त्याला आतून गवताचे व पाचटाचे अस्तर देऊन, तोंडाशी लिंपून बंद केलेले धान्य वर्षानुवर्षे टिकत असे, आणि सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे तर कालपरवापर्यंत व्यापारात होती. आत कोंडलेली हवा धान्याच्या व किड्यांच्या श्वसनाने संपली की किडीचे जगणे संपते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, त्यात माणूस गुदमरून मरतो, ही ताकीद घरोघर होती. मुरघासाचा खड्डा हे हिरव्या चाऱ्याचे पेव आहे. फरक एवढाच की धान्य कोरडे म्हणून टिकते, आणि चारा ओला असून टिकवावयाचा असतो. त्यासाठी हवेच्या अभावाला आंबटपणाची जोड लागते.

ती जोड चारा स्वतःच देतो. कापलेले ताट मेलेले नसते. कुट्टी करून दाबून भरल्यावरही त्याच्या पेशी काही तास श्वास घेत राहतात, आतला प्राणवायू संपवितात, आणि भरणाला किंचित ऊब येते. प्राणवायू संपला की ज्या जिवाणूंना त्याच्याविना जगता येते त्यांची चढाओढ लागते. त्यांतले काही ताटातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे जे दह्यात असते तेच. आणि हे आम्ल वाढून सामू ४.२ च्या आसपास किंवा त्याखाली उतरला, की बाकीचे सारे जिवाणू आणि शेवटी हे आम्ल करणारेही थंडावतात. साखर पुरेशी असेल आणि हवा खरोखर हटली असेल, तर ही क्रिया दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पुरी होते; शेतकऱ्याला पंचेचाळीस दिवस थांबावयास सांगतात ते खातरजमेसाठी. पण साखर कमी पडली किंवा चारा फार ओला असला, तर क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वरचढ होतात, ब्युटिरिक आम्ल तयार होते, आणि खवट तुपाचा वास मारणारा तो गाळ भुकेले जनावरही हुंगून सोडून देते.

युरोपात या विषयाला शास्त्राचे रूप आले ते १८७७ मध्ये ऑग्युस्त गोफार या फ्रेंच शेतकऱ्याने हिरव्या मक्याच्या साठवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केल्यानंतर. पुढे फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन यांनी चाऱ्यावर सौम्य केलेली खनिज आम्ले शिंपून सामू एकदम खाली आणण्याची युक्ती काढली, आणि कृषी व पोषण रसायनातील संशोधनासाठी, विशेषतः चारा टिकविण्याच्या या पद्धतीसाठी, त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गाईच्या गवतासाठी नोबेल, हे ऐकून आपल्याकडे कोणी हसेल. फिनलंडच्या बर्फाखाली सहा-सात महिने गोठा सांभाळणाऱ्याला हसू आले नसावे. त्यांचा हिवाळा तो आपला उन्हाळा, एवढाच पालट करून घेतला म्हणजे त्या शास्त्राचे बारामतीच्या जिराईत पट्ट्याशी असलेले नाते उमगते.

आता वाण कोणता, या प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण माझ्या मते सध्याची मोठी चूक तेथे होते. मुरघास म्हणजे मका, असे समीकरण आज बसून गेले आहे. मक्याची साखर भरपूर, दाण्याचे पिष्ट भरपूर, मुरघास हमखास जमतो, यात शंका नाही. ‘आफ्रिकन टॉल’ हा उंच वाढणारा वाण पाण्याच्या पट्ट्यात शोभतोही. परंतु मक्याला तुरा आणि कणीस येण्याच्या बेतात पाण्याचा एक ताण बसला की तुऱ्यातले पराग गळून जातात, कणसाचे केस मागाहून बाहेर पडतात, आणि कणीस पोचट राहते. कालव्याच्या कडेला जे पीक शहाणपणाचे, ते लोणी भापकरच्या माळावर जुगाराचे ठरते. तेथल्या शेतकऱ्याने मक्याचा तयार मुरघास विकत आणावा, असा सल्ला देणारेही भेटतात. दुधाचा भाव पडला की या सल्ल्याचा अर्थ त्याला कळतो.

ज्वारीचे शरीर मात्र याच मातीसाठी घडल्यासारखे आहे. तिच्या पानांवर आणि ताटावर मेणाचा जो पांढुरका थर असतो तो बाष्प अडवून धरतो. ताण वाढला की पाने सुरळीप्रमाणे गुंडाळली जातात आणि उन्हाला तोंड देणारा पृष्ठभाग कमी होतो. मुळे खोल आणि दाट. आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे पाणी तुटल्यावर ती मरत नाही, वाढ थांबवून वाट पाहते आणि सर आली की पुन्हा चालू लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘रुचिरा’, ‘फुले अमृता’, ‘फुले गोधन’ असे खास वैरणीचे वाण दिलेले आहेत. त्यांची ताटे रसाळ असतात, आणि ताटातला गोडवा हाच मुरघासाचा कच्चा माल. बाजरी त्याहूनही हलक्या जमिनीवर आणि कमी पावसावर येते, साठ दिवसांच्या आतबाहेर कापणीला होते, म्हणून मुरमाड रानासाठी तिचाच विचार आधी करावा. नेपियर आणि बाजरीच्या संकरातून आलेली गवते, ‘फुले जयवंत’ किंवा ‘बाएफ’चे ‘बीएनएच-१०’, एकदा लावली की काही वर्षे कापता येतात आणि विहिरीच्या थोड्या पाण्यावर तग धरतात. परंतु कोवळेपणी कापले तर त्यांत पाणी फार आणि साखर थोडी, म्हणून ती दिवसभर सुकवून, टनामागे वीसेक किलो मळी किंवा तितकेच गुळाचे पाणी शिंपडून भरावी लागतात.

निवडुंगाचा प्रकार निराळाच आहे. बिनकाटेरी निवडुंगाची लागवड ‘बाएफ’ने उरुळीकांचनला आणि इतरत्र करून पाहिली आहे, त्याच्या पानासारख्या जाड खोडात शेकडा नव्वद भाग पाणी असते, आणि उन्हाळ्यात गुरांना चाऱ्यातूनच पाणी मिळते हा त्याचा अर्धा उपयोग. एकट्याचा मुरघास केला तर चिकट लगदा हाती येतो. कडब्याच्या किंवा सरमडाच्या कोरड्या कुट्टीत तुकडे करून मिसळला, तर कुट्टीचा कोरडेपणा आणि निवडुंगाचे पाणी एकमेकांचे दोष झाकतात. अशा वनस्पतींचा आणि ताणाखालच्या शेतीचा अभ्यास करण्यासाठी बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी आहे, आणि तिला मिळालेली जागा मुरमाच्या व खडकाच्या उजाड माळाची होती ही गोष्ट तिच्या कार्याला साजेशीच म्हटली पाहिजे.

उसाच्या वाढ्याबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण गळिताच्या हंगामात कालव्याच्या पट्ट्यातून जिराईत गावांकडे वाढ्याच्या गाड्यांची रीघ लागते. वाढ्याचाही मुरघास होतो. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या शरीरातला चुना बांधला जातो, दीर्घ काळ केवळ वाढ्यावर ठेवलेली गाय हाडांनी खचते, आणि नेपियरच्या गवतातही हाच दोष थोडाबहुत असतो. खनिज मिश्रण न चुकता देणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तोच सर्वांत आधी बंद पडतो.

ज्वारीला एकच मोठे दूषण लावता येते, ते किराळाचे. कोवळी, चाळीस दिवसांच्या आतली, किंवा पाण्यावाचून सुकून नंतरच्या सरीने फुटलेली ज्वारी खाऊन जनावर तासाभरात, कधी काही मिनिटांतच, धापा टाकीत कोसळते, हे पाहिलेला माणूस सहसा विसरत नाही. पानांत बांधून असलेले एक द्रव्य चावताच फुटून सायनाइडचे विष मोकळे होते. पीक फुलोऱ्यावर आले म्हणजे हा धोका पुष्कळच ओसरतो, आणि कुट्टी करून मुरविले व उघडल्यावर थोडा वेळ वाऱ्यावर पसरून ठेवले, म्हणजे उरलेल्या विषाचा बराचसा भाग वायुरूपाने निघून जातो. ताणाखाली वाढलेल्या ताटाच्या बुडख्यात नायट्रेटही साठते. ते मुरविण्याने कमी होते, पण नाहीसे होत नाही. तेव्हा दुष्काळात कापलेल्या पिकाची वीतभर बुडखी शेतातच राहू द्यावीत. या नायट्रेटामुळेच खोल खड्ड्यात भरणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत तांबूस, घुसमटविणारा वायू साठू शकतो, आणि त्या वेळी पेवाची जुनी ताकीद अक्षरशः लागू पडते.

ही ताकीद पाळून एक मोठा फायदा पदरात पाडून घेता येतो, ज्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. रब्बीची ज्वारी हस्ताच्या ओलीवर पेरलेली असते. मार्गशीर्षात ओल तुटली आणि कणसात दाणा भरणार नाही हे दिसू लागले, तरी शेतकरी आशेने थांबतो, ताट उभ्याउभ्या वाळते, आणि शेवटी हाती येतो तो निकस कडबा. त्याच पिकाची पाने हिरवी असतानाच कापून मुरघास केला, तर धान्य गेले तरी वैरण तरी दर्जाची राहते. केव्हा आशा सोडावयाची, हे मात्र कोणी संस्था सांगू शकत नाही.

नेहमीच्या वर्षी कापणीचा मुहूर्त फुलोऱ्यापासून कणसात चीक भरेपर्यंतचा. हुरड्यापर्यंत थांबले तर माणसाची चंगळ होते, वैरण जून होऊ लागते. पोटरीतच कापले तर नुसते पाणी भरल्यासारखे होते. ओलावा शेकडा ६५ ते ७० हवा, असे पुस्तकात लिहिलेले असते, आणि शेतात तो कळतो मुठीने. कडबाकुट्टीतून पडलेली कुट्टी ओंजळभर घेऊन मुठीत अर्धा मिनिट करकचून दाबावी आणि मूठ सावकाश उघडावी. बोटांच्या फटींतून रस गळला आणि गोळा तसाच राहिला, तर चारा ओला आहे, अर्धा दिवस पसरून सुकवावा. गोळा एकदम फिसकटून गेला, तर चारा वाळला, त्यातली हवा दाबून निघणार नाही. हाताला ओल लागली पण थेंब पडला नाही, आणि गोळा जरा थांबून मग हळूहळू सुटत गेला, म्हणजे भरणीला हरकत नाही. ही परीक्षा दिवसातून एकदाच घेऊन चालत नाही. सकाळच्या दहिवरातली कुट्टी आणि दुपारची कुट्टी यांत पुष्कळ अंतर असते.

कुट्टी एक ते दोन सेंटीमीटरची. लांब तुकडे दाबले जात नाहीत आणि त्यांच्या पोकळीत हवा दडून राहते. शिवाय गव्हाणीत गाय पाने निवडून खाते आणि काड्या टाकते. भरताना वीतभर थर टाकावा, तो तुडवावा, मग पुढचा. मोठ्या खड्ड्यावर ट्रॅक्टर फिरवितात, लहानात माणसे नाचतात. एका घनफुटात पंधरा-सोळा किलो कुट्टी बसली पाहिजे, आणि मुरघास बिघडल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला याच एका ओळीत दिसते. कल्चर, युरिया, मीठ, मळी यांची नावे विचारणारे पुष्कळ असतात. किती तुडविले हे विचारणारा क्वचित. चिकात आलेल्या गोड ताटाच्या ज्वारीला नीट दाबल्यावर बाहेरचे फारसे काहीच लागत नाही. चवळी मिसळून भरली तर प्रथिने वाढतात. मात्र दोन किंवा तीन भाग ज्वारीला एक भाग चवळी, याहून प्रमाण वाढविले की आम्ल चढण्यास अडथळा होतो.

आता एका लहान शेतकऱ्याचा हिशेब मांडून पाहू, कारण मुरघासाची प्रात्यक्षिके बहुधा मोठ्या गोठ्यांत होतात आणि या मुलखातला गोठा मोठा नसतो. दोन दुभत्या गायी. फाल्गुन ते ज्येष्ठ असे चार महिने दर गाईला रोज पंधरा किलो मुरघास, जोडीला कडबा आणि पेंड. एकूण ३,६०० किलो, आणि घट-नासाडी धरून भरताना ४,००० किलो. वैरणीच्या ज्वारीचे पावसावरचे पीक गुंठ्याला दोनशे-अडीचशे किलो देते असे धरले, तर वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर पुरे. खड्डा दहा फूट लांब, पाच फूट रुंद, साडेपाच फूट खोल केला की एवढा माल त्यात मावतो. येथवर सगळे सोपे आहे, आणि बहुतेक पुस्तिका येथेच थांबतात.

अडचण खड्डा उघडल्यावर सुरू होते. एकदा हवा लागली की दबून बसलेल्या बुरशी आणि किण्वे जागी होतात, माल तापतो, आणि चैत्र-वैशाखातल्या उन्हात तर एका-दोन दिवसांत उघडा थर बिघडतो. म्हणून रोज सबंध तोंडावरून निदान चार ते सहा इंचांचा काप निघाला पाहिजे. आपल्या शेतकऱ्याला रोज लागणार तीस किलो, म्हणजे सुमारे दोन घनफूट. खड्ड्याचे तोंड साडेसत्तावीस चौरस फुटांचे. भागाकार केला की रोजचा काप इंचभरही भरत नाही. त्या खड्ड्याला न्याय द्यायचा तर दहा-बारा गायी हव्यात. दोन गायींच्या घरात खड्डा खणावयास लावून मग ‘मुरघासाने पोट बिघडते’ अशी त्याची बदनामी व्हावी, यात नवल ते काय? अशा घरासाठी पन्नास किलोच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या योग्य. ऐंशी पिशव्या भरणे हे कंटाळवाणे काम आहे खरे, पण उघडलेली पिशवी दोन दिवसांच्या आत संपते, आणि बिघाड झालाच तर एका पिशवीचा होतो. टनाच्या पिशव्या स्वस्त पडतात. पण तसली एक पिशवी दोन गायी महिनाभर पुरवून खाणार, आणि तोवर तिची अर्धी माती झालेली असणार. पिशवीला वैरी दोन, उंदीर आणि कावळा. छिद्र दिसताच चिकटपट्टी लावावी, पिशव्या भिंतीपासून सुट्या, सावलीत आणि फळीवर रचाव्यात, आणि त्यांवर जाळे टाकावे.

चांगल्या मुरघासाची पिशवी सोडली की आंबूस पण गोडसर असा वास येतो. रंग पिवळसर हिरवा, पानांचे आणि ताटाचे तुकडे वेगवेगळे ओळखू येतात, हाताला चिकटा लागत नाही. तंबाखूसारखा तपकिरी रंग आणि जळक्या गुळाचा वास आला, तर भरताना हवा राहून माल आत तापलेला असतो. जनावरे तो आवडीने खातात, पण त्यातली प्रथिने पचनाला निरुपयोगी झालेली असतात, आणि आवडीने खातात म्हणून चांगला, हे प्रमाण येथे चालत नाही. पांढरी, करडी किंवा हिरवट बुरशी दिसली, तर तेवढा भाग भोवतालच्या वीतभर मालासकट उकिरड्यावर टाकावा. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते आणि दुधावाटे ते कोणाच्या घरी जाते हे सांगावयास नको. शेळ्यामेंढ्यांना तर बिघडलेल्या मुरघासातून चक्कर येऊन गोल फिरण्याचा रोग जडतो, म्हणून त्यांच्या बाबतीत संशयाचा फायदा देऊ नये.

नव्या जनावराला पहिल्या दिवशी दोन-चार किलोच, कडब्याच्या कुट्टीत मिसळून, आणि आठवडाभरात चढत पंधरा किलोपर्यंत. तीन महिन्यांच्या आतल्या वासराला देऊ नये. धार काढल्यावर द्यावा, आधी नको. त्याचा वास दुधाला लागतो आणि डेअरीवर नमुना हुंगणारा मनुष्य तोंड वाकडे करतो. मुरघासात प्रथिने शेकडा सात-आठच असतात, तेव्हा पेंडीची सुटका त्याने होत नाही. चाऱ्यात जे असेल ते तो राखून ठेवतो, नसलेले आणून देत नाही.

आणि एक वर्ग असा आहे की ज्याच्या उपयोगी ही सारी विद्या पडत नाही. बारामती-इंदापूरचा धनगर मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन घाट उतरतो आणि कोकणाच्या वाटेला लागतो. ऐंशी पिशव्या पाठीवर घेऊन हिंडणे त्याला शक्य नाही. त्याची बेगमी सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या आणि इंदापुरातल्या कडबनवाडीच्या गवताळ माळांवर आहे, जेथे चिंकाराही त्याच गवतावर जगतो. त्या गवतांत साखर थोडी आणि काड्या पोकळ, म्हणून त्यांचा मुरघास जमत नाही. पवन्या आणि मारवेल फुलोऱ्यात कापून वाळविलेलेच चांगले, आणि कुसळी तर कुसळे धरण्यापूर्वीच कापावी लागते, नाहीतर ती मेंढरांच्या तोंडात आणि लोकरीत रुतते. महसुली कागदावर या माळांची नोंद बहुधा पडीक म्हणूनच असते.